दोन वर्षांसाठी आलेली घरं

नेदरलँड्समध्ये नव्यानं आलेल्या मराठी जोडप्याला 'किती वर्षं राहणार?' असं विचारलं, की उत्तर येतं, 'दोन-तीन वर्षं, मग बघू.' पाच वर्षांनी विचारा, तेच उत्तर. दहाव्या वर्षी स्वतःचं घर झालेलं असतं, मुलगी डच शाळेत रमलेली असते, गल्लीतले शेजारी नावानं ओळखत असतात, आणि तरी ते 'मग बघू' संपलेलं नसतं. परदेशातल्या आपल्या संसारांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्यात थंडी येते, सायकली येतात, गणपती येतो, कोथिंबीर कुठे मिळते हेही येतं. या लांबणीवर टाकलेल्या निर्णयाबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. मला तर बहुतेक प्रश्नांची गाठ तिथेच बसलेली दिसते. मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, डच शिकायची का, बायकोनं कोणतं काम धरायचं, आईवडिलांचं पुढे काय करायचं, पासपोर्ट बदलायचा का, हे सगळे निर्णय त्या एका न घेतलेल्या निर्णयावर अडून राहतात.

युरोपात सगळीकडे एकच चित्र नाही. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची. तिथल्या मराठी वस्तीला पिढ्यांचा इतिहास आहे. गोव्यातली माणसं पोर्तुगालशी जोडली गेली ती साडेचारशे वर्षांच्या राजवटीमुळे आणि पुढे पोर्तुगीज पासपोर्टच्या हक्कामुळे. जर्मनीनं २०२४ मध्ये कायदा बदलून नागरिकत्वासाठीची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली. या सगळ्यांना एका मापानं मोजता येणार नाही, म्हणून इथे नेदरलँड्सपुरतंच लिहिते आहे. पावणेदोन-दोन कोटी वस्तीचा हा देश मी जवळून पाहिला आहे, आणि गेल्या वीस वर्षांत सॉफ्टवेअर, बँका आणि चिप बनवण्याची यंत्रं यांच्या निमित्तानं इथे आलेल्या मराठी घरांची संख्या डोळ्यांत भरावी इतकी वाढली आहे.

भारतीय वंशाची माणसं या देशात दोन वाटांनी आली. पहिली वाट फार दूरची. १८७३ साली 'लल्ला रूख' नावाचं जहाज कलकत्त्याहून निघालं आणि ५ जूनला दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीला लागलं. पुढे १९१६ पर्यंत चौतीस हजारांच्या आसपास करारबद्ध मजूर तिथल्या मळ्यांवर गेले. बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झालं, त्याच्या आगेमागे त्यांच्या वंशजांतले हजारो लोक नेदरलँड्सला आले आणि मुख्यतः हेग शहरात स्थिरावले. आज हा हिंदुस्थानी समाज दीड लाखांहून मोठा आहे. दुसरी वाट २००४ साली सुरू झालेल्या 'केनिसमिग्रांट' योजनेची. ठरावीक पगाराच्या वर नोकरी देणारी मान्यताप्राप्त कंपनी असली, की काही आठवड्यांत परवाना हातात. या वाटेनं आलेले पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरचे लोक ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलफेनमध्ये, आइंडहोव्हनमध्ये, उट्रेख्त, हेग, रॉटरडॅममध्ये राहतात. आम्स्टलफेन एके काळी जपानी कुटुंबांचं गाव म्हणून ओळखलं जाई. आता तिथल्या परदेशी नागरिकांत भारतीयच सर्वांत जास्त आहेत. आइंडहोव्हनशेजारच्या फेल्डहोव्हनमध्ये चिप बनवण्याची यंत्रं करणाऱ्या एएसएमएलचा कारखाना आहे, आणि त्या एका कंपनीनं नि तिच्या पुरवठादारांनी त्या सगळ्या परिसराची भाषा, शाळा आणि घरभाडी बदलून टाकली आहेत.

'मग बघू'चा सगळा दोष माणसांवर टाकता येत नाही. हा तात्पुरतेपणा कायद्यातच विणलेला आहे. परदेशातून बोलावलेल्या कुशल माणसाला 'थर्टी पर्सेंट रूलिंग' मिळतं, म्हणजे पगाराचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त. ही सवलत आधी दहा वर्षं मिळे, २०१२ पासून आठ, २०१९ पासून पाच. पुढे ती टप्प्याटप्प्यानं उतरवायचं ठरलं, मग तो निर्णय फिरवला, आणि आता २०२७ पासून तीसचे सत्तावीस टक्के होणार आहेत. सवलत असलेल्या कुटुंबाला भारतीय ड्रायव्हिंग लायसन्सही परीक्षा न देता बदलून मिळतं. इतरांना पहिल्यापासून परीक्षा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डच भाषा नि समाज यांची जी परीक्षा इतर अनेक स्थलांतरितांना सक्तीची असते, ती केनिसमिग्रांट आणि त्याच्या कुटुंबाला नसते, कारण त्यांचा मुक्काम कागदोपत्री तात्पुरता धरला जातो. सवलतीच्या रूपानं सरकार म्हणतं, तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला त्रास नको. घरच्यांना हे ऐकून बरं वाटतं आणि पाच वर्षं भाषेविना निघून जातात.

या पाहुणचाराचा सूर अलीकडे बदलला आहे. घरांची टंचाई तीव्र आहे, भाडी भडकली आहेत, आणि त्याचा राग एक्स्पॅट लोकांवर निघतो. २०२३ च्या निवडणुकीच्या आगेमागे करसवलत छाटण्याची आणि विद्यापीठांतलं इंग्रजी कमी करण्याची भाषा जोरात सुरू झाली. एएसएमएलनं देशाबाहेर विस्तार करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा २०२४ च्या मार्चमध्ये सरकारनं आइंडहोव्हन परिसरातली घरं, रस्ते आणि शिक्षण यांसाठी अडीच अब्ज युरोंची योजना जाहीर केली. आपल्या मुलांच्या शाळेचा, घराचा प्रश्न त्या देशाच्या राजकारणात चर्चेला आहे आणि त्या चर्चेची भाषा आपल्याला येत नाही, ही स्थिती मला चिंतेची वाटते.

घराबद्दल थोडक्यात सांगते. आधी घराचा पत्ता, मग गेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत नोंद, मग बीएसएन हा नागरी क्रमांक, मग बँक खातं, विमा, सगळं. पत्ता मिळाला नाही तर पुढचं काहीच हलत नाही. भाडं इतकं, की बरेच जण दोन-तीन वर्षांतच घर विकत घ्यायच्या मागे लागतात; घराच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज मिळतं आणि व्याजावर करात सूट असते. तात्पुरतं म्हणून आलेल्या माणसाच्या डोक्यावर अशा रीतीनं तीस वर्षांचं कर्ज येतं, आणि मुक्काम किती याचं उत्तर तरीही तेच राहतं.

संसाराची खरी परीक्षा बाळंतपणात होते. आपल्याकडे माहेर असतं, आई असते, बाळाला न्हाऊ घालणारी बाई असते, शेक-शेगडी असते, डिंकाचे नि अळिवाचे लाडू असतात. इथे गर्भारपणाची सगळी देखभाल सुईण करते. डॉक्टर फक्त गुंतागुंत असेल तर. या देशात घरी बाळंत होणं अजूनही चालू आहे, आणि इस्पितळात झालं तरी सगळं सुरळीत असेल तर काही तासांत आई-बाळ घरी. हे ऐकून पुण्यातल्या आईचा जीव वर येतो. पण दुसऱ्या बाजूला आहे क्रामझोर्ग. या सेवेतली प्रशिक्षित बाई पहिले आठ-दहा दिवस रोज काही तास घरी येते, खर्च बहुतांशी विम्यातून निघतो. ती येण्याआधीच यादी आलेली असते: पलंग ठरावीक उंचीचा हवा, नसेल तर पायांखाली ठोकळे लावा, ते भाड्यानं मिळतात. कारण दिवसभर वाकून तिच्या पाठीची वाट लागू नये. तिच्या श्रमाची एवढी काळजी घेतलेली पाहून मला या देशाबद्दल पहिल्यांदा खरा आदर वाटला.

आल्या आल्या ती बाळाचं तापमान बघते, वजन करते, आईचे टाके तपासते, दूध पाजायला बसवते, वहीत तासातासाची नोंद करते. मग बाथरूम घासते, कपडे धुवायला टाकते, मोठं मूल असेल तर त्याला खाऊ घालते, भेटायला आलेल्यांना चहा देते आणि वेळ झाली की त्यांना निरोपही देते. बाळाला टोपडं, दुपटं, वर शाल असं गुंडाळलेलं तिला दिसलं की एकेक थर काढते. घरात ऊब आहे, बाळ पाठीवर झोपेल, डोक्याखाली उशी नको. भारतातून आलेली आजी शेजारी उभी असते. तिनं दोन-तीन लेकरं वाढवलेली असतात, आणि चाळिशीतली एक अनोळखी बाई तिच्या नातवाची उशी काढून घेत असते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पहिले दोन दिवस घरात ताण असतो. तिसऱ्या दिवशी आजी तेल लावून मालिश कसं करायचं ते दाखवते, ती बाई लक्ष देऊन बघते, वहीत टिपून ठेवते. मुलगी की मुलगा त्याप्रमाणे गुलाबी किंवा निळ्या साखरबडिशेपेच्या टोस्टची बशी आजीपुढे येते, आजी तिला लाडू देते. आजी-क्रामझोर्ग मैत्रीच्या अशा गोष्टी आम्स्टलफेनच्या मराठी घरांत बऱ्याच ऐकल्या आहेत. राज्ययंत्रणेनं माहेरपणाचा थोडा भार उचलावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण आठ-दहा दिवसांनी ती बाई जाते. आजीलाही जावं लागतं, कारण शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. म्हणून घराघरांत एक वेळापत्रक बनतं: आधी मुलीची आई तीन महिने, ती गेली की सासूबाई तीन महिने. आईची पगारी रजा एकूण सोळा आठवडे, त्यातले चार-सहा बाळंतपणाआधीच जातात. वडिलांना आता पहिल्या वर्षात जास्तीची रजा अंशतः पगारावर मिळते, आणि तिचा लाभ घेणारे मराठी बाप दिसू लागले आहेत, ही मोठी गोष्ट आहे. त्यानंतर पाळणाघर. ते इतकं महाग, की सरकारी अनुदानाशिवाय भागत नाही. याच अनुदानाच्या प्रकरणात हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका ठेवला गेला, त्यांत परदेशी मुळांचे पालक मोठ्या संख्येनं होते, आणि त्यावरून २०२१ च्या जानेवारीत मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. कर खात्याच्या डच पत्रांना घाबरून आपली माणसं एकमेकांना फोन करतात, त्यामागे हाही इतिहास आहे.

डॉक्टरांबद्दलची तक्रार सगळ्यांना पाठ आहे: ताप असो, पाठ दुखो, पॅरासिटामॉल घ्या आणि आठवड्यानं फोन करा. तक्रारीत तथ्य आहे, कधी कधी उशीर जिवावर बेततो. तरी भारतातून बॅगा भरून आणलेली अँटिबायोटिक स्वतःच्या मनानं मुलांना देणं हा त्यावरचा उपाय नव्हे. हाउसआर्ट्सशी, म्हणजे घरच्या डॉक्टरशी, ठामपणे आणि मुद्देसूद बोलावं लागतं: किती दिवस, किती ताप, काय काय करून झालं. ते ज्याला जमतं त्याला इथली व्यवस्था चांगली भेटते. म्हणजे फिरून पुन्हा भाषेपाशीच आलो.

शाळेत हे सगळ्यात महाग पडतं. मूल चार वर्षांचं झालं की वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाऊ शकतं, पाचव्या वर्षापासून सक्ती. पहिली दोन वर्षं खेळणं, गाणी, वर्तुळात बसून बोलणं. अक्षरओळख सहाव्या वर्षाच्या आसपास. गृहपाठ जवळजवळ नाहीच. डब्यात पाव आणि चीज, बुधवारी बऱ्याच शाळांना अर्धा दिवस. मराठी पालकांना हे सगळं फार सैल वाटतं. पण ही सैल शाळा आठव्या इयत्तेत, बाराव्या वर्षाच्या सुमारास, एक फार मोठा निर्णय देते. मूल पुढे व्यावसायिक शिक्षणाच्या चार वर्षांच्या शाखेत जाणार, मधल्या पाच वर्षांच्या, की विद्यापीठाकडे नेणाऱ्या सहा वर्षांच्या, याचा सल्ला शाळा देते. त्यात शिक्षकांचं अनेक वर्षांचं निरीक्षण असतं, आणि एक परीक्षा असते. २०२४ पासून नियम असा, की परीक्षेचा निकाल सल्ल्याहून वरचा आला तर शाळेनं सल्ला साधारणपणे वर न्यायचा. सुधारणा चांगली आहे, तरी परीक्षा डचमध्येच असते.

आता 'मग बघू'वाल्या घराचा विचार करा. परतायचंच आहे म्हणून मुलाला इंग्रजी आंतरराष्ट्रीय शाळेत घातलं. खासगी शाळेची वर्षाची फी वीस हजार युरोंच्या वर. अनुदानित असेल तर त्याहून बरीच कमी, पण तिथे रांग. काही वर्षं कंपनीनं फी भरली, मग नोकरी बदलली किंवा सवलत संपली, आणि मूल नवव्या-दहाव्या वर्षी डच शाळेत आलं. गणितात वर्गाच्या पुढे, भाषेत तीन वर्षं मागे. दोन वर्षांनी त्याच्यावर शिक्का बसणार. दहा मिनिटांच्या पालकभेटीत शिक्षिका म्हणते, 'फार गोड मुलगा आहे,' आणि आईवडील खूश होऊन घरी येतात, कारण त्या गोड मुलाचा वाचनाचा तक्ता कुठे चालला आहे हे विचारायचं असतं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. अशी मुलं पुढे शाखा बदलून वर चढतात, तशी सोय आहे, पण त्यात वर्षं जातात आणि मुलाचा स्वतःवरचा विश्वास जातो. चौथ्या वर्षी डच शाळेत गेलेलं आणि घरी नीट मराठी ऐकलेलं मूल सहा महिन्यांत वर्गाशी बोलू लागतं. ज्यांचा मुक्काम ठरलेला नाही त्यांनीही शेजारची डच शाळाच निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. चार वर्षांनी भारतात परतलंच, तर मुलाचं काही बिघडत नाही. राहिलं, तर सगळं वाचतं.

शाळेच्या रजेवरूनही खटके उडतात. शाळेच्या सुट्टीबाहेर मुलाला गावी नेलं, तर दर मुलामागे दर दिवसाला शंभर युरोंच्या घरात दंड होऊ शकतो. लग्नासाठी, आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा लागतो. दिवाळी आणि होळी यांसाठी मात्र धार्मिक सण म्हणून एकेक दिवसाची रजा हक्कानं मिळते, आधी कळवलं की झालं. ही सोय रूढ झाली ती सुरीनामहून आलेल्या हिंदुस्थानी समाजामुळे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. १९१७ पासून इथल्या घटनेनुसार धार्मिक शाळांनाही सरकारी शाळांइतकंच अनुदान मिळतं, आणि त्याच कलमाचा आधार घेऊन या समाजानं हिंदू प्राथमिक शाळाही उभ्या केल्या.

शाळेबाहेरचं एक शिक्षण मात्र प्रत्येक मराठी घर मनापासून घेतं: पोहणं. हा देश पाण्यात बसलेला आहे, दारापुढे कालवा, बागेमागे ओढा. मुलानं ए, बी, सी अशा तीन पदविका मिळवाव्यात अशी रीत आहे, आणि ए पदविकेला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. परीक्षेच्या सकाळी तलावाच्या काठावर पाच-सहा वर्षांची मुलं ओळीनं उभी असतात, अंगात शर्ट, पँट, पायात बूट. कपड्यांसकट पाण्यात उडी, कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याच्या पोशाखात नसतं. मग पाण्याखाली एक पडदा टांगलेला असतो, त्याला भोक असतं. श्वास रोखून त्यातून पलीकडे निघायचं. काठावर उभ्या असलेल्या आयांमध्ये सातारची, अकोल्याची एखादी असते, जिला स्वतःला पोहता येत नाही. भोकातून निळी टोपी बाहेर येईपर्यंत तिनं शेजारच्या डच आईचा हात घट्ट धरलेला असतो. ओळख अशी होते. त्या ओळखीतून पुढे मुलांच्या एकमेकांकडच्या खेळायच्या दुपारी ठरतात, अर्थात डायरीत बघून, दोन आठवड्यांनंतरच्या. 'कधीही या' ही आपली रीत इथे चालत नाही, आणि तारीख ठरवून बोलावणं म्हणजे दुरावा नाही, हे कळायला वेळ लागतो.

संसाराच्या या आढाव्यात बायकांचा भाग सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा. केनिसमिग्रांटच्या जोडीदाराला इथे कुठलीही नोकरी करायची पूर्ण मोकळीक असते; हा नियम अनेक देशांपेक्षा उदार आहे. तरी भारतात शिक्षिका, वकील, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट असलेल्या बायका इथे येऊन घरी बसतात. अडतं ते भाषेवर. डॉक्टर आणि दंतवैद्यांना इथल्या नोंदणीसाठी डच भाषेसह परीक्षा द्याव्या लागतात, त्यात काही वर्षं जातात. दोनच वर्षं राहायचं असेल तर एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून नवऱ्याचं करिअर पुढे जातं आणि तिचं 'मग बघू'च्या खात्यात जमा होतं. ज्यांनी पहिल्याच वर्षी नगरपालिकेच्या किंवा वाचनालयातल्या वर्गात डच शिकायला सुरुवात केली, त्यांच्यातल्या कुणी पाळणाघरात, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात काम करताना दिसतात. पगार इंजिनिअरइतका नसेल, पण त्या घरात शेजार आहे, मुलांच्या मित्रांची नावं माहीत आहेत, कर खात्याचं पत्र वाचता येतं. इथे अर्धवेळ काम करणं पुरुष-बायका दोघांसाठी इतकं रुळलेलं आहे, की बाप आठवड्यातला एक दिवस मुलांसाठी घरी राहिला तर कुणी त्याला खोदून विचारत नाही. हा बदल आपल्या घरांनी उचलला, तर परदेशी राहिल्याचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

मराठी समाज म्हणून आपण काय करतो? सण उत्तम करतो. मंडळं शहरोशहरी आहेत. गणपतीला शाळेचा हॉल किंवा क्रीडासंकुल भाड्यानं घेतात, शाडूची मूर्ती, ढोल-ताशा, उकडीचे मोदक, मुलांची नाटुकली, विसर्जन हॉलमागच्या टबात. संक्रांतीला हळदीकुंकू, दिवाळी पहाट, कोजागिरी. शनिवारी-रविवारी मराठीचे वर्ग चालतात, तिथे स्वयंसेवक आया बाराखडी शिकवतात. या कामाची थोरवी मी मनापासून मानते. परक्या गावात शंभर माणसांनी एकत्र आरती म्हटली की जीव शांत होतो. पण मुलांची मराठी टिकते ती रोजच्या जेवणाच्या टेबलावर. आईबाप आपसात इंग्रजी, मुलांशी अर्धं इंग्रजी, आणि रविवारी एक तास बाराखडी, याचा उपयोग होत नाही. डच शिक्षिकांना पुष्कळ पालक भीत भीत विचारतात, घरी मराठी बोललं तर मूल मागे पडेल का? चांगली शिक्षिका सांगते, तुम्हाला सर्वांत चांगली येते तीच भाषा घरी बोला.

मंडळाचं खरं बळ मला आणीबाणीत दिसलं आहे. कुणाची प्रसूती अवघड झाली, तर डब्यांची पाळी लागते. कुणाची नोकरी गेली आणि परवाना टिकवायला नवी कंपनी तीन महिन्यांत शोधायची असेल, तर बायोडेटा व्हॉट्सॲपवर फिरतो. करोनाच्या दोन वर्षांत विमानं बंद असताना कितीतरी जणांनी आईवडिलांचे अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिले. दाराशी डबा ठेवून, खिडकीबाहेर उभं राहून लोकांनी सांत्वन केलं. त्या दिवसांनंतर अनेकांचा 'मग बघू' एका रात्रीत संपला. काही परतले, काहींनी इथेच राहायचं ठरवलं.

हिंदुस्थानी समाजाशी आपलं नातं मात्र वरवरचं आहे, आणि याचं मला वाईट वाटतं. हेगच्या बाजारात कारलं सोप्रोपो या नावानं मिळतं, चवळीच्या लांब शेंगा मिळतात, मिरच्या मिळतात. ती भाजी आपण आनंदानं आणतो. विकणाऱ्या आजी सरनामीत बोलतात, आपल्याला तिच्यात भोजपुरी ऐकू येते. पण त्यांच्या घरी आपलं जाणं-येणं नाही. ते डच बोलतात, आपण इंग्रजी. ते पाच पिढ्या भारताबाहेर, आपण परवा आलेले, आणि 'खरे भारतीय' आपणच असा एक ताठा आपल्यात आहे. तो सोडला, तर शिकण्यासारखं त्यांच्याकडे फार आहे. भारताची भाषा पातळ झाल्यावरही रामायण, लग्नविधी, जेवण कसं टिकवायचं. नगरपालिकेत आपला माणूस कसा निवडून आणायचा. म्हातारपणी एकत्र राहण्याच्या सोयी कशा उभ्या करायच्या.

पासपोर्टचा प्रश्न पाचव्या वर्षानंतर दारात येतो. डच नागरिकत्व घेताना बहुतेकांना जुनं सोडावं लागतं, आणि भारताचा कायदाही दुसरं नागरिकत्व घेतलं की पहिलं संपवतो. त्यानंतर ओसीआय कार्ड: येणं-जाणं, राहणं, नोकरी मोकळी, पण मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली ठेवता येते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला हे कलम काळजात लागतं. इथे जन्मलेलं मूल जन्मानं डच होत नाही. त्याचा जन्म वर्षभरात भारतीय दूतावासात नोंदवावा लागतो. मुलांसाठी म्हणून आईबाप पासपोर्ट बदलतात, किंवा दोघांतला एकच बदलतो आणि दुसरा भारतीय राहतो. ही वाटणी मी बऱ्याच घरांत पाहिली आहे.

आणि आता पुढचा टप्पा. २००४-०५ साली तिशीत आलेली माणसं पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांचे आईवडील ऐंशीच्या घरात. त्यांना कायमचं इथे आणण्याची वाट डच कायद्यात जवळजवळ बंद आहे, म्हणून पुण्या-ठाण्यात रात्रंदिवसाची बाई ठेवून, कॅमेरे लावून, वर्षातून दोनदा धावत जाऊन ती काळजी वाहिली जाते. त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाचा हिशेबही सुरू झाला आहे. इथलं वृद्धापकाळाचं सरकारी वेतन राहिलेल्या दर वर्षामागे दोन टक्के जमा होतं. बत्तिशीत आलेल्याला सदुसष्टाव्या वर्षी सत्तर टक्के मिळेल. डच वृद्धाश्रमात सहा वाजता उकडलेले बटाटे मिळतात, आणि विस्मृतीच्या आजारात माणूस मधली भाषा विसरून पहिल्या भाषेकडे जातो. अंत्यविधी मृत्यूनंतर छत्तीस तासांच्या आधी करता येत नाही, आणि अस्थी साधारण महिनाभर स्मशानाच्या ताब्यात राहतात. दहाव्याचं काय करायचं, हे आताच एकदोन कुटुंबांनी विचारून ठेवलं आहे. मंडळांच्या वार्षिक सभेत पुढच्या गणपतीच्या हॉलचं भाडं ठरतं तेव्हा याच गोष्टी विषयपत्रिकेवर घ्यायला हव्यात: मराठी समजणाऱ्या काळजीवाहकांची यादी, मृत्युपत्राची डच पद्धत समजावून देणारा एक दिवस, आणि हेगमधल्या हिंदुस्थानी ज्येष्ठांच्या निवासांना भेट. ती भेट याच हिवाळ्यात ठरवता येईल. गाडीनं तासाभराचा रस्ता आहे.